लायसन्स असलेल्यांसाठीचा ट्रॅफिक रिफ्रेशर क्लास, कोथरूड: चलन टाळायचं असेल तर एकदा करून बघाच

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईलच. कोथरूडमधल्या एका छोट्या मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लायसन्स आधीच असलेल्या लोकांसाठी शनिवार-रविवार असा दोन सकाळचा क्लास घेतात, गाडी चालवायला शिकवत नाहीत, ती येते असंच धरतात, शिकवतात ते एवढंच की पुण्याच्या गर्दीत रोज गाडी चालवणाऱ्याला चलन कशाकशामुळे येतं आणि ते येऊ नये म्हणून नेमकं काय करायचं. फी माणशी ९०० रुपये. स्कूलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, जाहिरात वाटायला नको, आणि मला खरंच वाटतं की तुमच्या भागातल्या कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन तुम्ही असा क्लास घ्या म्हणून मागे लागलात तर ते घेतील, दहा-बारा माणसं जमवली की झालं.

आमच्या घरातून तिघं गेलो होतो. मी, माझे सासरे (आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो, वय ६८, भाजीपासून बँकेपर्यंत सगळं ॲक्टिव्हावरच) आणि नणंदेची मुलगी, जी साताऱ्याहून इथे कॉलेजला आलीये आणि जिचं लायसन्स अगदी नवं कोरं आहे. बॅचमध्ये बाकी डिलिव्हरीचं काम करणारी दोन मुलं, एक शाळेच्या शिक्षिका, एक नवीन कार घेतलेलं जोडपं, असे सगळ्या प्रकारचे लोक होते आणि हे मला आवडलं कारण प्रत्येकाचे प्रश्न वेगळे, त्यामुळे आपल्याला सुचलेच नसते असे मुद्दे निघत गेले.

शिकवणाऱ्या मॅडम साधारण पन्नाशीच्या. मला वाटलेलं की भिंतीवरचा तो नेहमीचा चिन्हांचा तक्ता दाखवून सुरुवात होणार, पण त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं की मोबाइल काढा आणि आपल्या गाडीची कागदपत्रं आत्ता मला दाखवा. अर्ध्या लोकांची शोधाशोध सुरू. बाबांनी डिकीतून प्लास्टिकची फाइल आणली, त्यात आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाची, लॅमिनेट केलेली झेरॉक्स. मॅडम म्हणाल्या काका, ही झेरॉक्स दाखवून काही उपयोग नाही, एक तर ओरिजिनल पाहिजे नाहीतर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधलं पाहिजे, त्या ॲपमधलं लायसन्स आणि आरसी २०१८ पासून नियमानेच ओरिजिनलच्या बरोबरीचं धरतात, मात्र ते कागदाचा फोटो काढून गॅलरीत ठेवलेलं चालत नाही, ॲपमध्येच उघडून दाखवायचं. आणि मग तिथेच, त्याच खुर्चीवर बसून त्यांनी बाबांना डिजिलॉकर चालू करून दिलं, आधारवरचा ओटीपी आला, लायसन्स आलं, आरसी आली, बाबा एकदम खुश. बाकीचे तोवर थांबले होते पण कोणी कुरकुर केली नाही कारण दोन-तीन जणांनी बघून बघून आपलंपण करून घेतलं.

कागदपत्रांवर जवळजवळ तासभर गेला आणि तो तास मला सगळ्यात मोलाचा वाटला. कारण बघा, रस्त्यावर आपण कितीही नीट चालवलं तरी एखादी तारीख संपलेली असेल तर दंड ठरलेलाच, आणि तारीख संपलीये हे आपल्याला माहीतच नसतं. इन्शुरन्सचंच घ्या. नवीन दुचाकी घेताना २०१८ च्या सप्टेंबरपासून थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो आणि कारला तीन वर्षांचा, त्यामुळे लोकांच्या डोक्यात असतं की इन्शुरन्स आहे की, मग ती पाच वर्षं कधी उलटून जातात कळतच नाही. विनाइन्शुरन्स सापडलात तर पहिल्यांदा २००० आणि पुढच्या वेळी ४०००, आणि अपघात झालाच तर दंड परवडला असं म्हणायची वेळ येईल कारण समोरच्याची भरपाई आपल्या खिशातून जाते. पीयूसीचं, म्हणजे धूर तपासल्याच्या सर्टिफिकेटचं, असं की नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, मग बीएस-४ आणि बीएस-६ (म्हणजे धुराचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांना वर्षाचं मिळतं आणि त्याआधीच्या जुन्या गाड्यांना सहाच महिन्यांचं, तर जुनी स्कूटर वापरणाऱ्यांनी हे सहा महिने लक्षात ठेवायचे.

बाबांच्या लायसन्सचा विषय निघाला. वय ५५ च्या पुढे गेलं की लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं, आणि रिन्यू करायला मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, संपल्यावर वर्ष उलटून गेलं तर मात्र परत टेस्ट द्यावी लागते. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी या तिन्ही तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आत्ता टाका, महिनाभर आधीचा रिमाइंडर लावा, आणि टाकल्याशिवाय पुढे सरकल्या नाहीत. साधी गोष्ट आहे पण घरी जाऊन करू म्हटलं की होत नाही ना.

मग आला मोबाइल नंबरचा मुद्दा आणि याचं महत्त्व मला तरी तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. कॅमेऱ्याचं चलन येतं ते आरसीवर नोंदलेल्या मोबाइल नंबरवर. आरसीवर नंबर जुना असेल, बंद पडलेला असेल, किंवा गाडी सेकंडहँड घेतलीये आणि नाव ट्रान्सफर केलेलंच नाही, तर एसएमएस भलतीकडे जाणार आणि तुमच्या गाडीवर चलनं साठत राहणार. डिलिव्हरीवाल्या मुलांपैकी एकाची बाइक अशीच गावाकडच्या माणसाकडून घेतलेली, नाव त्या माणसाचंच. मॅडम त्याला म्हणाल्या दादा, आज तुझं चलन त्याला जातंय, उद्या अपघात झाला तर पोलीस त्याच्या दारात जातील, आणि उलट तू कोणाला गाडी विकलीस आणि नाव तसंच ठेवलंस तर ते तुझ्या दारात येतील, नाव ट्रान्सफर करायचे फॉर्म २९ आणि ३० भर आणि मोकळा हो. मोबाइल नंबर बदलणं परिवहनच्या वेबसाइटवर घरबसल्या होतं, आधारशी नंबर जोडलेला असला की बस.

थकलेली चलनं कशी बघायची हेपण करून दाखवलं. महाराष्ट्रातली ई-चलनं महाट्रॅफिकच्या सरकारी वेबसाइटवर किंवा ॲपवर दिसतात, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चलनाबरोबर फोटो असतो, तो उघडून बघायचाच, आपलीच गाडी आहे का, नंबर नीट वाचलाय का, जागा आणि वेळ बरोबर आहे का. चुकीचं असेल तर तिथेच तक्रार नोंदवायची, गप्प भरून टाकायचं नाही आणि गप्प पडू पण द्यायचं नाही. कॅमेऱ्याच्या चलनाची नोटीस १५ दिवसांच्या आत द्यायची असा केंद्राचा २०२१ चा नियम आहे हेही सांगितलं. आणि एक इशारा, जो मी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय: व्हॉट्सॲपवर आरटीओ चलन नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी) आली तर ती उघडायची नाही, कोणाकडूनही आलेली असो. ती फाइल मोबाइल ताब्यात घेते आणि बँकेचे ओटीपी चोरते. खऱ्या वेबसाइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतो, आणि एसएमएसमधल्या लिंकवर टॅप करायच्याऐवजी पत्ता स्वतः टाइप करून जायचं.

हेल्मेटचा भाग. इथे मॅडमनी जे केलं ते मी कुठेच बघितलं नव्हतं. सगळ्यांना आपापलं हेल्मेट घालून, पट्टा लावून ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाच्या मागे जाऊन हेल्मेटची मागची कड धरून वरच्या बाजूला आणि पुढे ढकलली. बॅचमधल्या चौघांची हेल्मेटं सरळ डोक्यावरून निघून समोर आली, पट्टा लावलेला असून! म्हणजे पडल्यावर पहिल्या धक्क्यालाच हेल्मेट एकीकडे आणि डोकं एकीकडे. भाचीचं त्यातलंच एक, साइज मोठा घेतलेला, कारण केस बांधलेले असताना घट्ट होतं म्हणून. तिला केस खाली, मानेजवळ बांधायला लावून छोटा साइज घालून दाखवला, गालाला दोन्ही बाजूंनी स्पंज टेकला पाहिजे, पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं गेली पाहिजेत, डोकं हलवलं की हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, ते नुसतं डोक्यावर फिरता कामा नये. मग आतलं लेबल बघायला लावलं, आयएस ४१५१ लिहिलेलं आणि आयएसआयचा मार्क असलेलंच पाहिजे, २०२१ च्या जूनपासून तसं नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे तरी रस्त्याच्या कडेला दोन-तीनशेला मिळतं आणि त्याच्यावरही आयएसआयचं स्टिकर चिकटवलेलं असतं.

कायद्याचं म्हणाल तर हेल्मेट कोपराला अडकवणं, आरशाला लटकवणं किंवा पट्टा न लावता घालणं हे तिन्ही विनाहेल्मेटच, कारण कायद्यात पट्टा नीट लावलेला असला पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्रात ५०० रुपये, शिवाय कायद्यात तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. मागे बसणाऱ्यालाही लागतंच, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मागच्या माणसाचं चलन वेगळं धरायचा आदेशही निघालाय. चार वर्षांच्या वरच्या मुलांनाही हेल्मेट, आणि चारच्या आतल्या मुलांना चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, नऊ महिन्यांच्या वर असतील तर हेल्मेटही, आणि गाडी ताशी ४० च्या आत, हा चारच्या आतल्यांचा नियम २०२३ पासून आहे आणि शाळा सुटायच्या वेळेला कुठल्याही गेटवर उभं राहून बघा, किती जण पाळतात. शिक्षिकाबाई म्हणाल्या की आमच्या शाळेत पालकसभेत हे सांगायला मॅडम तुम्ही याच, आणि मॅडम लगेच हो म्हणाल्या.

रविवारी सकाळी चौकात. यासाठी तर मी अख्खी ९०० फी पुन्हा भरेन. रविवारी गर्दी कमी असेल असं वाटलं होतं पण नळ स्टॉपला कर्वे रोडवर दहा वाजता बऱ्यापैकी गाड्या होत्या. आम्हाला फूटपाथवर उभं केलं आणि सांगितलं, माणसांकडे बघू नका, फक्त पुढच्या चाकाकडे बघा. सिग्नल लाल झाला. पहिली स्कूटर अगदी रेषेच्या मागे थांबली, छान. तिच्या डावीकडे एक बाइक आली आणि अर्धं चाक पुढे, तिच्या बाजूची आली ती अजून थोडी पुढे, मग पहिली जी नीट थांबली होती तीपण हळूच सरकली, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत पुढच्या दोन्ही रांगा झेब्रा क्रॉसिंगवर. एक आजी पिशवी घेऊन ओलांडत होत्या, त्यांना गाड्यांच्या मधून वाट काढावी लागली. पुढच्या लालला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. यातल्या एकाही माणसाला आपण नियम मोडला असं वाटलं नसणार, आणि कॅमेऱ्याला मात्र त्या प्रत्येकाची नंबर प्लेट रेषेच्या पुढे दिसतेय. सिग्नल तोडणं काय किंवा रेषेच्या पुढे थांबणं काय, पहिल्यांदा ५०० आणि परत सापडलात तर १५००. मॅडमचं म्हणणं असं की पुण्यात चलन येतं ते मवालीपणाने चालवणाऱ्यालाच येतं हा समज सोडा, साध्या सरळ माणसाला येतं ते शेजारच्या गाडीबरोबर सरकल्यामुळे येतं. मला हे शंभर टक्के पटलं.

यावर उपाय काय तर चौक लांबून दिसला की आधी सिग्नलकडे नाही, रेषेकडे बघायचं, कुठे आहे ते हेरून ठेवायचं. रेषा पुसली गेली असेल, आणि आपल्याकडे बऱ्याच चौकांत पुसलेली असते, तर झेब्राच्या अलीकडे थांबायचं, झेब्रापण दिसत नसेल तर अलीकडच्या सिग्नलच्या खांबाच्या मागे. एकदा थांबलो की पाय टेकायचा आणि बाजूचा सरकला तरी आपण जागेवर. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे, त्याच्या हॉर्नचं चलन आपल्याला येत नाही. पिवळ्याचं सगळ्यांचंच उलटं असतं, पिवळा म्हणजे पटकन निघा असं नाही, रेषेच्या अलीकडे असाल तर थांबा असं आहे. टायमर तीनवर आला की गाडी सोडून द्यायची सवय असेल तर तेही लालमध्येच मोजलं जातं. पीएमपीच्या बसच्या किंवा टेम्पोच्या मागे चिकटून गेलं की पुढचा सिग्नल दिसतच नाही आणि तो लाल झालेला असतो, तर मोठ्या गाडीच्या मागे एवढं अंतर ठेवायचं की सिग्नल दिसत राहील. आणि हिरवा असला तरी समोर चौकाच्या पलीकडे जागा नसेल तर आत शिरायचं नाही, कारण अडकलात की लालमध्ये चौकात मधोमध तुम्हीच उभे.

डावीकडे वळण्याचा तर बहुतेकांचा गोंधळच असतो. लाल असताना डावीकडे जायला मोकळीक असते असं अर्ध्या बॅचला वाटत होतं. तसं काही नाही. जिथे तसा बोर्ड आहे किंवा डावीकडचा हिरवा बाण आहे तिथेच जायचं, नाहीतर लाल म्हणजे लाल. आणि जिथे डावीकडे मोकळं सोडलंय तिथे सरळ जाणाऱ्यांनी डावी लेन अडवून उभं राहायचं नाही, कर्वे रोडवर यावरून रोज भांडणं होतात.

तिथून चालत डेक्कनकडे नेलं, वाटेत पार्किंगचे बोर्ड वाचायला लावले. बाहेरून पुण्यात आलेल्यांनी हे नीट समजून घ्या: पी-१ पी-२ बोर्ड म्हणजे विषम तारखेला एका बाजूला पार्किंग आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला. भाचीला हे माहीतच नव्हतं, साताऱ्याची पोरगी, तिला वाटायचं पी म्हणजे पार्किंग, मग लावा. बोर्ड झाडाच्या फांदीआड असतो, कधी एखाद्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या मागे असतो, म्हणून गाडी लावली की वीस-तीस पावलं दोन्ही बाजूला चालून बघायचं, आणि बाकीच्या पन्नास गाड्या लागल्यात म्हणजे चालत असेल हा हिशोब करायचा नाही कारण टोइंगची गाडी येते तेव्हा पन्नासच्या पन्नास नेत नाही, हाताला लागतील त्या नेते. दंड वेगळा आणि उचलून नेल्याचे पैसे वेगळे, शिवाय गाडी सोडवायला रिक्षाने जायचं ते वेगळंच. बोर्ड नसला तरी चौकाच्या तोंडाशी, झेब्रावर, फूटपाथवर, बसस्टॉपसमोर आणि कोणाच्या गेटसमोर लावायचीच नाही. लक्ष्मी रोडला किंवा पेठांमध्ये खरेदी असेल तर सरळ पे अँड पार्क नाहीतर मेट्रो, असं मॅडम म्हणाल्या आणि माझंही मत तेच.

वन वेचं पुण्यात लहान मुलांनाही पाठ असायला पाहिजे. एफसी रोड डेक्कनकडून वर, जेएम रोड शिवाजीनगरकडून खाली, एवढं तर येतंच सगळ्यांना, पण चूक तिथे होत नाही, चूक होते ती वळण हुकल्यावर. दुकान पन्नास मीटर मागे राहिलं की उलट्या दिशेने कडेकडेने नेली गाडी. मॅडम म्हणाल्या वळण हुकलं तर हुकलं, पुढे जाऊन यू-टर्न घ्या, पाच मिनिटं जातील. राँग साइडला नुसतं चलनच होतं असं नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकार चालवल्याचा गुन्हाही दाखल होऊ शकतो, म्हणजे कोर्ट, वकील, आणि पासपोर्टच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनला उत्तरं देत बसा. कॉलेजच्या मुलांनी हे विशेष ऐका.

मोबाइलबद्दल थोडंच लिहिते कारण सगळ्यांना माहितीये तरी सगळे करतात. दुचाकीवर १०००, कारमध्ये २०००. हेल्मेटमध्ये खोचलेला फोनही त्यातच, आणि सिग्नलला थांबलोय तेवढ्यात मेसेज बघतो हेही त्यातच धरून चाला. रस्ता बघायला फोन होल्डरमध्ये लावलेला चालतो, हातात धरलेला नाही. होल्डर अडीच-तीनशेपासून मिळतो, घ्या आणि निघायच्या आधी पत्ता टाकून घ्या.

नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट बसवायला सांगितलंय, दुचाकीला ४५० आणि कारला ७४५ अधिक जीएसटी, अपॉइंटमेंट सरकारी वेबसाइटवरूनच घ्यायची. रस्त्याच्या कडेला दिसायला तशीच प्लेट करून देतात त्यावर लेझरने कोरलेला नंबर नसतो आणि गाडीच्या नावावर त्याची नोंद होत नाही, ते पैसे पाण्यात. देवनागरी आकड्यातली प्लेट, ४१४१ चं दादा, ८०५५ चं बॉस, हे सगळं चलनाला आमंत्रण. मराठीचा अभिमान आम्हालाही आहे पण प्लेटवर नियम इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकड्यांचाच आहे.

अल्पवयीन मुलांवर मॅडम फार कळकळीने बोलल्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला गाडीची किल्ली दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. क्लासला जायला उशीर होतोय म्हणून गाडी देणाऱ्या आई-वडिलांनी हे वाक्य पुन्हा वाचा. पुण्यात काय काय झालंय ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पोलिसाने थांबवल्यावर कसं वागायचं हेही सांगितलं. गाडी कडेला घ्या, बंद करा, किल्ली खिशात. हुज्जत घालायची नाही, ओळखीचं नाव सांगायचं नाही, मामा म्हणून गळ्यात पडायचं नाही. चलन मशिनवरच होऊ दे, तिथेच भरता येतं किंवा नंतर ऑनलाइन भरता येतं, खिशात पैसे नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि पावतीशिवाय कोणाच्या हातात रोख द्यायची नाही. चलन मान्य नसेल तर तक्रार, त्यानंतर कोर्ट, आणि जुनी साठलेली असतील तर लोकअदालतीच्या तारखांवर लक्ष ठेवायचं, राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा असते.

आता स्टार का कापला. कारवाल्यांना या क्लासमध्ये खूप कमी मिळालं. ते नवीन कारवालं जोडपं मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेबद्दल विचारत होतं, कारची मर्यादा १०० आणि घाटात ६०, २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा बसलीये, लेन कापली तरी चलन, एवढं दहा मिनिटांत उरकलं. मागच्या सीटवरही बेल्ट लागतो हे तर मीच विचारलं तेव्हा सांगितलं, काळ्या फिल्मचा विषय आलाच नाही, ती तर २०१२ पासून सुप्रीम कोर्टाने बंद केलीये तरी ॲक्सेसरीजवाले लावून देतात. दुसरं म्हणजे प्रोजेक्टरवरच्या एका स्लाइडवर दंडाचे आकडे जुने होते, महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये वाढायच्या आधीचे, मॅडम तोंडी नवीन सांगत होत्या पण लोकांनी फोटो काढले ते जुन्याचे. हे दुरुस्त करायला एक संध्याकाळ पुरेल, मी त्यांना सांगूनही आलेय. खोली छोटी आहे, पंखा एकच, उन्हाळ्यात ज्येष्ठांना त्रास होईल. शनिवारी सुरू व्हायलाही पाऊण तास उशीर झाला.

कोणी जावं? लायसन्स नवीन मिळालेल्या मुलामुलींनी नक्की, बाहेरगावाहून पुण्यात राहायला आलेल्यांनी नक्की, आणि घरात साठीच्या पुढचं कोणी रोज गाडी चालवत असेल तर त्यांना एकटं न पाठवता बरोबर जा, डिजिलॉकर आणि ॲपचं तिथे करून मिळतं पण घरी परत कोणीतरी दाखवायला लागतं. नुसती कार चालवणार असाल तर आधी फोन करून कारची वेगळी बॅच आहे का विचारा, पुढच्या महिन्यापासून सुरू करायचा विचार आहे असं मॅडम म्हणाल्यात. जाताना आपलं रोजचं हेल्मेट न्या, नवीन नको, रोजचंच, आधारशी जोडलेलं सिम असलेला फोन न्या, आणि आरसी बघून चासी नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून न्या म्हणजे चलन तपासताना डिकी उघडत बसावं लागणार नाही. गल्लीत गाडी लावायला जागा नाहीये, वनाज लाइनच्या मेट्रोने गेलात तर बरं पडेल.